अधिवृक्क ग्रंथींची अकाली पक्वता आणि मुलांची वाढ
पालकांसाठी माहिती

सहा-सात वर्षांच्या मुलीच्या काखेत किंवा जांघेत केस दिसू लागले, घामाला मोठ्या माणसांसारखा उग्र वास येऊ लागला, की ती वयात आली असा समज होतो. बहुतेक वेळा तसे नसते.

असे का होते?
दोन्ही मूत्रपिंडांच्या वर एकेक लहान अधिवृक्क ग्रंथी असते. साधारणपणे सहा ते आठ वर्षांच्या सुमारास या ग्रंथी सौम्य अँड्रोजेन संप्रेरके अधिक प्रमाणात स्रवू लागतात. त्यांचा परिणाम मुलींमध्ये ८ आणि मुलग्यांमध्ये ९ वर्षांपूर्वी दिसल्यास त्यास अकाली पक्वता म्हणतात. ती मुलींमध्ये, तसेच वजन जास्त असलेल्या मुलांमध्ये अधिक आढळते. स्तनांची वाढ व मासिक पाळी मात्र पीयूष ग्रंथी व बीजांडकोश यांच्या कार्यामुळे सुरू होते. ती प्रक्रिया वेगळी आहे.

वाढीवर परिणाम
अशी मुले समवयस्कांपेक्षा थोडी उंच असू शकतात व त्यांच्या हाडांचे वय किंचित पुढे असू शकते. तथापि प्रौढपणीची उंची बहुधा सर्वसामान्यच राहते. सहसा औषधाची गरज नसते, परंतु दर काही महिन्यांनी उंची व वजन मोजून नोंद ठेवावी.

विलंब न करता डॉक्टरांना केव्हा दाखवावे?
• मुलीमध्ये ८ वर्षांपूर्वी स्तनांची वाढ किंवा मुलग्यामध्ये ९ वर्षांपूर्वी वृषणांची वाढ
• उंची एकाएकी झपाट्याने वाढणे
• आवाज घोगरा होणे, तीव्र मुरुमे, जननेंद्रियाचा आकार वाढणे

उंची भराभर वाढते म्हणून समाधान मानू नये. हाडांची टोके लवकर जुळून आल्यास वाढ अकाली थांबते व मूल अखेर ठेंगणे राहू शकते. अशा लक्षणांमागे अधिवृक्क ग्रंथींचा जन्मजात विकार, क्वचित गाठही असू शकते. हाताच्या व मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून आणि रक्ततपासणीवरून निदान होते.

घरी काय करावे?
रोज स्नान, स्वच्छ सुती कपडे, घरचे समतोल अन्न व मैदानी खेळ यांवर भर द्यावा. उंची वाढविणारी म्हणून विकली जाणारी औषधे देऊ नयेत. मूल मोठे दिसले तरी त्याचे मन त्याच्या वयाचेच असते. त्याला चिडवू नये, लाजवू नये. हा त्याचा दोष नाही, हे सोप्या शब्दांत सांगावे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची आरोग्य तपासणी विनामूल्य केली जाते. शंका असल्यास नजीकच्या शासकीय आरोग्य केंद्रात संपर्क साधावा.