शोनानची रताळी
१९४२ ते १९४५ च्या जपानी अंमलात सिंगापूरचे नामांतर 'शोनान' असे झाले आणि तांदळाची टंचाई पडून रयतेस टॅपिओका व रताळी यांवर गुजराण करावी लागली. टॅपिओकाचा कंद उपटल्यावर २-३ दिवसांतच आतून काळवंडतो, पण तो दोष बुरशीचा नव्हे. ती मागाहून येऊन आयते राज्य करते. रताळ्याचे तसे नाही: ऱ्हायझोपस बुरशीस आत शिरण्यास कुदळीची जखम लागते, आणि शिरल्यावर मात्र ती काही दिवसांत कंदाचा पाणचट लगदा करून सोडते. काढलेली रताळी सुमारे ३० अंश सेल्सिअस उष्णतेत व ८५ ते ९० टक्के आर्द्रतेत ४ ते ७ दिवस ठेवल्यास जखमेवर बुचासारखे कवच धरते. आणि ज्या दमट हवेस सिंगापुरात सारेच बोल लावतात, ती या कामी जवळजवळ फुकट मिळते.