मालनपूरची पिक्चर ट्यूब

ग्वाल्हेरहून भिंडच्या रस्त्याने निघालं की पंधरा-वीस किलोमीटरवर मालनपूरची औद्योगिक वसाहत लागते. जिल्हा भिंड, पण ग्वाल्हेर शहराच्या लष्कर भागातली माणसं ती आपलीच समजतात. ग्वाल्हेरच्या बिर्लानगरमधली जे. सी. कापड गिरणी बंद पडल्यावर नोकरीची जी काही आशा उरली, ती इथेच. गोदरेज, क्रॉम्प्टन, एसआरएफ, कॅडबरी ही वसाहतीतली परिचित नावं. यांच्यात आणखी एक नाव होतं, हॉटलाइन. टीव्हीची पिक्चर ट्यूब हा त्यांचा माल. रंगीत ट्यूब बनवणारे कारखाने देशात मोजकेच होते. सॅमटेल, मोहालीची जेसीटी आणि मालनपूरची हॉटलाइन ही त्यांतली नावं. आज हॉटलाइन बंद आहे.

सोनी, सॅमसंग आणि एलजी यांच्या भारतातल्या चढाओढीची गोष्ट बहुतेक वेळा जाहिराती आणि सवलतींच्या अंगाने सांगितली जाते. ट्यूबच्या बाजूने पाहिलं तर ती बरीच वेगळी दिसते. जुन्या टीव्हीच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा ट्यूबचाच असे. ती कोण बनवतो, कुठे बनवतो आणि ती सीमेवरून आणताना किती शुल्क पडतं, यावर दुकानातली किंमत ठरायची.

आधी दुकानाकडे पाहू. 1982च्या दिल्ली एशियाडने देशात रंगीत चित्र आणलं आणि पुढची दहा वर्षं व्हिडिओकॉन, बीपीएल आणि ओनिडा यांनी राज्य केलं. तंत्र अनुक्रमे तोशिबा, सान्यो आणि जेव्हीसीचं, नाव भारतीय. 1991नंतर दारं उघडली. सोनी 1994 साली आली, सॅमसंग 1995मध्ये. एलजीचे भारतीय भागीदारांबरोबरचे आधीचे प्रयत्न फसले होते, म्हणून 1997 साली ती एकटीच उतरली. मधल्या काळात कबीर मूलचंदानी यांच्या बॅरन इंटरनॅशनलने अकाई हा जपानी ब्रँड घेऊन बाजारात गोंधळ उडवून दिला. घरातला जुना टीव्ही द्या आणि नवा घेऊन जा, अशी ती योजना. माळ्यावर पडलेल्या कृष्णधवल डब्याला अचानक भाव आला. प्रस्थापितांनी आधी नाकं मुरडली आणि मग तीच योजना स्वतः राबवली.

सोनीने किंमत चढी ठेवली. स्वतःच्या ट्रिनिट्रॉन ट्यूबवर तिचा एवढा भरवसा होता, की गिऱ्हाईक जास्त पैसे मोजायला तयार होईल असं तिने धरलं, आणि महानगरांत तो हिशोब चुकला नाही. एलजीची नजर मात्र लष्करसारख्या गावांवर होती. त्यांनी ‘संपूर्णा’ नावाचा स्वस्त टीव्ही काढला, ज्याच्या पडद्यावरच्या सूचना हिंदीत होत्या. भिंड, मुरैना, शिवपुरीकडून खरेदीला येणाऱ्या गिऱ्हाइकाला हे लगेच कळणारं होतं. 1999च्या क्रिकेट विश्वचषकाच्या सुमाराला टीव्हीतच क्रिकेटचा खेळ घातला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे घाऊक वितरकाच्या भरवशावर न राहता लहान शहरांत स्वतःच्या शाखा आणि दुरुस्ती केंद्रं उघडली. माझ्या मते कोरियन कंपन्यांचं यश जाहिरातींपेक्षा या कंटाळवाण्या कामात आहे. इथे बिघडलेला टीव्ही दुरुस्तीसाठी आग्र्याला पाठवावा लागला, तर पुढचा टीव्ही त्या कंपनीचा घेतला जात नाही.

ग्वाल्हेरचा व्यापार मेळा 1905 साली माधवराव शिंद्यांनी सुरू केला. त्याला आज इलेक्ट्रॉनिक्सचं वेगळं सेक्टर आहे. शेजारी-शेजारी दुकानं मांडून बसलेल्या या कंपन्या एकमेकींच्या कट्टर वैरी वाटतात. पण युरोपीय आयोगाने 5 डिसेंबर 2012 रोजी दिलेला निर्णय वाचला की हे वैर किती खोल होतं असा प्रश्न पडतो. फिलिप्स, एलजी, सॅमसंग एसडीआय, पॅनासॉनिक, तोशिबा आणि टेक्निकलर (पूर्वीची थॉमसन) या कंपन्यांच्या गटाला मिळून सुमारे 147 कोटी युरोंचा दंड झाला. 1996 ते 2006 अशी दहा वर्षं ट्यूब बनवणाऱ्यांनी संगनमताने किमती ठरवल्या, बाजार वाटून घेतले आणि उत्पादनाला लगाम घातला. वरिष्ठांच्या बैठकांना ‘ग्रीन मीटिंग’ म्हणत, कारण नंतर बहुधा गोल्फ असे. तैवानच्या चुंगह्वाने माहिती फोडली, म्हणून तिचा दंड माफ झाला. हा निर्णय युरोपच्या बाजारापुरता आहे. पण त्यातली नावं तीच, जी आपल्याकडे एकमेकींचे भाव पाडत होती.

मालनपूरचा कारखाना या वर्तुळाच्या बाहेरचा. त्याच्यावर घाव आला तो बँकॉकच्या बाजूने. भारत-थायलंड करारानुसार सप्टेंबर 2004पासून 82 वस्तूंचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने उतरू लागलं आणि त्यांत रंगीत टीव्ही आणि पिक्चर ट्यूबही होत्या. सोनीने हरियाणातल्या धारूहेड्याचा आपला कारखाना त्याच वर्षी बंद केला आणि टीव्ही थायलंडहून आणायला सुरुवात केली. सोनीला असं गाव बदलता येत होतं. मालनपूरच्या भट्ट्या उचलून नेता येणाऱ्या नव्हत्या.

तेवढ्यात ट्यूब नसलेला सपाट पडदा आला. इथे मराठी मुलखातली, औरंगाबादची व्हिडिओकॉन आठवते. तिच्या मालकांनी, धूत मंडळींनी, 2005 साली थॉमसनचे चीन, पोलंड, मेक्सिको आणि इटलीतले ट्यूबचे कारखाने घेतले. त्या व्यवहारात थॉमसननेच व्हिडिओकॉनचे शेअर घेतले. विकणारा स्वतःच पैसे घालतो, तेव्हा मालाच्या भवितव्याबद्दल त्याचं मत काय असेल, हे कुणीतरी विचारायला हवं होतं. जानेवारी 2006मध्ये एलजी आणि फिलिप्स यांच्या संयुक्त ट्यूब कंपनीने हॉलंडमध्ये दिवाळखोरी जाहीर केली. हा व्यवसाय त्यांनी 2001 सालीच वेगळ्या कंपनीत काढून ठेवला होता, त्यामुळे ती बुडाली तरी एलजीचा टीव्ही चालू राहिला. व्हिडिओकॉन 2018 साली दिवाळखोरी न्यायाधिकरणात गेली. टेलिकॉम आणि तेलाच्या कर्जांचा त्यात मोठा भाग आहे. पण ट्यूबवरचा तो डाव फसला होताच.

ट्यूबची जागा घेणाऱ्या पॅनेलचंही पुढे हेच झालं. चिनी कंपन्यांनी भाव पाडल्यावर सॅमसंगने 2022 साली एलसीडी पॅनेल बनवणं थांबवलं आणि एलजीने ग्वांगझूचा कारखाना टीसीएलच्या कंपनीला विकला. शाओमीने फेब्रुवारी 2018मध्ये 55 इंची टीव्ही 39,999 रुपयांत ऑनलाइन विकायला काढला, तेव्हा ग्वाल्हेरच्या बाडा चौकाभोवतीच्या दुकानदाराला मार बसला. त्याला सावरलं ते पुण्याच्या बजाज फायनान्ससारख्यांच्या हप्त्यांनी. त्याच वर्षी सुट्या भागांवर शुल्क वाढताच सॅमसंगने तामिळनाडूतलं टीव्हीचं उत्पादन थांबवून व्हिएतनामहून माल आणला. 2020 साली सरकारने आयातीवर निर्बंध घातले. सॅमसंग परत इथे टीव्ही बनवून घेऊ लागली, त्यात डिक्सनसारख्या कंत्राटी कंपनीचाही हात होता.

ऑक्टोबर 2025मध्ये एलजी इंडियाच्या शेअर विक्रीतून 11,607 कोटी रुपये उभे राहिले. विक्रीला काढलेले सगळे शेअर कोरियन मूळ कंपनीचेच होते, त्यामुळे ही रक्कम सोलला गेली. एलजी इंडियाचा तिसरा कारखाना आंध्रातल्या श्री सिटीत होतो आहे.