पंपाच्या बंदुकीची जन्मपत्रिका

अमेरिकेंतील खेड्यापाड्यांच्या घरांतून आजोबांच्या पश्चात् ज्या वस्तु मुलानातवंडांच्या वांट्यास येतात, त्यांत छऱ्यांची एखादी जुनी बंदूक पुष्कळदां असते. घर आवरतांना ती माळ्यावरून खालीं येते आणि तिच्यावर दुहेरी संकट ओढवतें. एक तर ती कवडीमोलानें विकली जाते, किंवा कोणी हौशी नातू तिच्यांत बाजारांतलें नवें काडतूस घालून चाप ओढतो. दोहोंचें मूळ एकच : बंदूक कोणती आणि कोणत्या सालची, याचें अज्ञान. म्हणून तिची जन्मपत्रिका कशी मांडावी, हें आम्ही वाचकांस थोडक्यांत सांगूं इच्छितों. शस्त्रांची आवड नसणारांसही या शोधाची गंमत वाटेल, असा आमचा भरंवसा आहे.

नळीखालची लांकडी मूठ मागें ओढली कीं रिकामें काडतूस बाहेर पडतें, पुढें ढकलली कीं नवें आंत बसतें. हिलाच पंपाची बंदूक म्हणतात. या जातीची पहिली यशस्वी बंदूक स्पेन्सर व रोपर या दोघांची. तिचें पेटंट १८८२ सालचें. परंतु घरोघर पोंचली ती ऑग्डेन गांवच्या जॉन ब्राउनिंग या अलौकिक कारागिराची. त्याची १८९३ ची बंदूक विंचेस्टर कारखान्यानें काढली. पण ती काळ्या दारूसाठीं घडलेली, बिनधुराच्या नव्या दारूचा जोर तिला सोसेना. तेव्हां तीच अधिक मजबूत करून १८९७ चा नमुना निघाला. तो १९५७ पर्यंत चालला आणि दहा लाखांहून अधिक नग खपले.

दोन्हींचा घोडा मागें उघडा दिसतो, त्यामुळें नवशिका फसतो. खूण अशी कीं १८९७ च्या पेटीचा माथा बंद असून काडतूस बाजूनें पडतें. १८९३ ची वरून उघडी असते. विंचेस्टरचें नांव असून घोडा मुळींच दिसत नसेल, तर बहुधा थॉमस जॉन्सन यानें योजलेली १९१२ ची बंदूक समजावी. या नमुन्याचें नांव १९१९ सालीं नुसतें 'मॉडेल १२' झालें. म्हणून नळीवर 'मॉडेल १९१२' असें पूर्ण कोरलेलें असल्यास ती नळी जुन्या काळांतली ठरते. रेमिंग्टनच्या कारखान्याची तऱ्हा निराळी. 'ब्लॅकपावडरएक्स' या बारा अक्षरी शब्दांतील एकेक अक्षर एकेका महिन्यास दिलेलें, आणि सालासाठीं दुसरें अक्षर. 'एम्' म्हणजे १९२१, 'एन्' म्हणजे १९२२. मात्र तें नळीचें वय होय, बंदुकीचें नव्हे. नळी मागाहून बदललेली असूं शकते.

खरा आधार अनुक्रमांकाचा. नळी सुटी होणाऱ्या विंचेस्टरवर तो दोन ठिकाणीं असतो, आणि दोन्ही आंकडे जुळलेच पाहिजेत. पुस्तकांतून फिरणाऱ्या याद्या कारखान्याच्या दप्तराशीं नेहमीच जुळत नाहींत; वायोमिंगमधील कोडी येथील संग्रहालयांत तें दप्तर आहे, आणि १८९७ च्या आरंभीच्या बंदुकांबद्दल तेथून दाखला मिळतो. ही घासाघीस नुसत्या हौसेची नव्हे. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्याप्रमाणें १८९८ अखेरपर्यंत घडलेली बंदूक पुराणवस्तु ठरते. त्यापुढची साधी बंदूक. एका सालाच्या फरकानें विक्रीचे नियमच बदलतात!

याहून महत्त्वाची गोष्ट जिवाची. सोळा बोअरच्या जुन्या बंदुकांचें घर २ ९/१६ इंचांचें, आणि आजचें काडतूस २ ३/४ इंचांचें. तें आंत बसतें, म्हणून तें चालतें असें नव्हे. उडतांना त्याचें तोंड उघडण्यास जागा उरत नाहीं व दाब भलताच वाढतो. कारागिराकडून घर मोजून घेतल्यावांचून चापाला बोट लावूं नये.

आतां मोल. येथें गृहिणीची टापटीपच घात करते. गंज घासून, नवी झिलई देऊन, दस्ता पॉलिश करून आणलेली बंदूक दिसते सुरेख; पण संग्राहक तिच्याकडे पाठ फिरवितो. कडा गोलावल्या, अक्षरें पुसट झालीं, लांकूड पोलादाच्या पातळीखालीं गेलें, स्क्रूच्या खांचा फाटल्या, कीं पारख्यास सारा इतिहास कळतो. जुनी, डागाळलेली पण अस्पर्श झिलई अधिक दाम देते. आमच्या मतें हा नियम देवघरांतल्या पितळी समईसही लागू पडावा, असो.

सर्वांत जास्त किंमत, आणि म्हणून सर्वांत जास्त लबाडी, खंदकी बंदुकीची. पहिल्या महायुद्धांत अमेरिकेनें १८९७ ची नळी वीस इंची करून, तिच्यावर भोकांचा पत्रा आणि संगिनीची बेचकी बसवून ती फ्रान्समध्यें पाठविली. ती इतकी भयंकर ठरली कीं सप्टेंबर १९१८ मध्यें जर्मनीनें तिच्याविरुद्ध रीतसर निषेध नोंदविला. आज साध्या शिकारी बंदुकीची नळी कापून, पत्रा चढवून हीच 'खंदकी' म्हणून खपविली जाते. अशी कोणी पुढें केली, तर प्रथम नळीवरचा चोकाचा शिक्का वाचावा. कारखान्याची खंदकी नळी सरळ भोकाची, म्हणून तिच्यावर 'सिलिंडर'चा शिक्का. वीस इंची नळीवर 'फुल' असें कोरलेलें दिसलें, तर तोंडाकडचा आवळ भाग करवतीखालीं गेला हें उघड आहे, आणि मागितलेली रक्कम मुकाट्यानें खिशांत परत ठेवावी.