पुढचा भाग कोण ठरवतं?

बालमित्रांनो, एक सोपं गणित सोडवा पाहू. एका मालिकेचे आठ भाग आहेत. प्रत्येक भाग ४५ मिनिटांचा. रात्री नऊला घरातले सगळे पाहायला बसले आणि मध्ये थांबलेच नाहीत, तर मालिका किती वाजता संपेल? बरोबर! पहाटे तीन वाजता. २०२० सालच्या टाळेबंदीत हे गणित कित्येक घरांनी वहीत नाही, तर दूरदर्शन संचासमोर बसून सोडवलं.

तुमच्यापैकी काहीजण तेव्हा अगदी लहान असतील. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली. शाळा बंद, मैदानं सुनी. मालिकांचं चित्रीकरणही थांबलं. मग दूरदर्शनने आपला जुना पेटारा उघडला. २८ मार्चपासून रामानंद सागर यांचं ‘रामायण’ रोज सकाळी ९ आणि रात्री ९ वाजता लागू लागलं. डीडी भारतीवर बी. आर. चोप्रा यांचं ‘महाभारत’ सुरू झालं. आणि मोबाइलवर तर काय, मालिकांचा नुसता पूर!

आता गंमत बघा. हेच ‘रामायण’ पहिल्यांदा लागलं २५ जानेवारी १९८७ रोजी. आठवड्यातून एकदा, फक्त रविवारी सकाळी. ते संपायला जुलै १९८८ उजाडला, म्हणजे तब्बल दीड वर्ष! २०२० मध्ये तीच गोष्ट जेमतेम तीन आठवड्यांत संपली. राम तोच, रावण तोच. मग बदललं काय? तर मधले दिवस.

रविवारचा भाग संपला की पुढचे सहा दिवस मुलांचे असायचे. खराट्याच्या काड्यांचे बाण व्हायचे, अंगणात लंका पेटायची, हनुमान कोणी व्हायचं यावरून भांडणं जुंपायची. अर्धी गोष्ट पडद्यावर आणि अर्धी अंगणात! दोन भागांमधल्या त्या मोकळ्या वेळात गोष्ट आपल्या मनात मुरते, लोणच्यासारखी.

मोबाइलवरच्या मालिकांत ही मोकळी जागाच उरत नाही. भाग संपतो, पडद्यावर पाच, चार, तीन असे आकडे उलटे पळतात आणि पुढचा भाग आपोआप सुरू. शिवाय भाग तोडतात तोही नेमका कुठे? नायक कड्यावर लोंबकळत असतो तिथे! आपण थांबूच नये, अशीच ही योजना असते बरं का. २०१७ साली नेटफ्लिक्सचे तेव्हाचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी तर सांगूनच टाकलं होतं की, आमची स्पर्धा झोपेशी आहे. आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास झोप हवी, असं डॉक्टर सांगतात. मग या स्पर्धेत कोण हरतं, ते तुम्हीच ओळखा.

म्हणजे मालिका पाहूच नयेत का? छे, छे! शाळा पुन्हा भरल्यावर वर्गात मी विचारलं, “घरी बसून काय काय पाहिलंत?” नावं धडाधड आली. गोष्ट सांगा म्हटलं, तर बरेचजण अडखळले. पण एक मुलगी म्हणाली, “बाई, आजी सांगायची, तिच्या वेळी गल्लीत एकच टीव्ही होता. रविवारी सगळी गल्ली त्या घरात!” दुसरा म्हणाला, “बाबा पहिल्यांदाच रोज आमच्यासोबत बसले.” मालिका विसरली, शेजारी कोण बसलं होतं ते लक्षात राहिलं. त्या कठीण दिवसांतली खरी कमाई हीच.

पालकहो, हा प्रश्न तुम्हालाही आहे. तेव्हा एका पडद्यासमोर चार माणसं होती. आज कित्येक घरांत चार माणसं आणि चार पडदे आहेत. मुलांच्या हातातला मोबाइल काढून घेणं सोपं आहे; आपला खाली ठेवणं जरा अवघड. सुरुवात तिथूनच करू या का?

दोस्तांनो, तीन गोष्टी करून पाहा. पहिली, पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय मोठ्यांच्या मदतीने बंद करा. दुसरी, किती भाग पाहायचे ते बसण्याआधीच सगळ्यांनी मिळून ठरवा. मोह आवरत नसेल तर पुढच्या भागाची पहिली दहा मिनिटं पाहा आणि कड्यावरचा नायक वर आला की थांबा. तिसरी गोष्ट सगळ्यांत मजेची. पडदा बंद झाला की प्रत्येकाने सांगायचं, “उद्या काय होईल?” आजीनेसुद्धा! दुसऱ्या दिवशी कोणाचं बरोबर आलं ते पाहा.

कधी कधी तुम्ही रचलेली गोष्ट पडद्यावरच्या गोष्टीपेक्षा छान निघेल. तशी निघाली, तर ती वहीत लिहून ठेवा. तो भाग मात्र तुम्ही ठरवलेला असेल!