६९ आणि ४१

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसलेला माणूस कधी ना कधी विचारतोच, ‘डॉक्टर, किती टक्के चान्स आहे?’ वडिलांच्या वेळी मीही विचारलं होतं. उत्तर मिळालं नाही, पण डॉक्टरांच्या हातातल्या फाइलच्या कोपऱ्यात ‘अपाचे २४’ असं लिहिलेलं दिसलं. वडील बरे होऊन घरी आले. तो आकडा मात्र माझ्या मनातून गेला नाही.

‘अपाचे’ ही वॉशिंग्टनच्या डॉ. विल्यम नॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मांडलेली गुणपद्धती. सुरुवातीला तिच्यात शरीराची ३४ मापं होती. फ्रान्सच्या ल गाल यांनी १९८४ मध्ये १४ मापांत भागवून दाखवलं. पुढच्याच वर्षी नॉस यांनी आपली दुसरी आवृत्ती १२ मापांवर आणली: ताप, रक्तदाब, नाडी, श्वास, सोडियम, क्रिएटिनिन, शुद्धीची पातळी वगैरे. पहिल्या २४ तासांतलं प्रत्येकाचं सर्वांत वाईट माप धरायचं, त्यात वयाचे आणि जुन्या आजारांचे गुण मिळवायचे. जास्तीत जास्त ७१. गुण जितके जास्त, तितका धोका मोठा.

पण नुसत्या गुणांवरून धोका ठरत नाही. मधुमेहामुळे रक्तात आम्ल साचलेल्या रुग्णाचे २४ आणि रक्तात जंतुसंसर्ग भिनलेल्या रुग्णाचे २४ सारखे नसतात. पहिल्याचा धोका खूपच कमी. आजार धरून हिशेब केला, तरी शंभरांपैकी साधारण किती दगावतील एवढंच कळतं. ते कोण, हे कळत नाही. डॉक्टर गप्प राहिले ते का, हे मला इथे उमगलं.

मग हा आकडा हवा कशाला? याचं उत्तर मला १९८६ च्या एका शोधनिबंधात सापडलं. नॉस आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १३ मोठ्या रुग्णालयांतले ५,०३० रुग्ण घेतले. कोण किती आजारी होता ते गुणांनी मोजलं आणि प्रत्येक ठिकाणी किती मृत्यू अपेक्षित होते, किती झाले, हे ताडून पाहिलं. एका रुग्णालयात ६९ अपेक्षित होते, झाले ४१. दुसरीकडे अपेक्षेपेक्षा ५८ टक्के जास्त.

‘आमच्याकडे रुग्णच गंभीर येतात’ ही सबब इथे चालत नव्हती, कारण गांभीर्य आधीच हिशेबात धरलेलं होतं. मग फरक कशाचा? विशेष उपचार किती वापरले, विभागाची प्रशासकीय रचना कशी होती, रुग्णालय शिकवणारं होतं की नाही, यांपेक्षा जास्त संबंध निघाला तो विभागातली माणसं एकमेकांशी किती बोलतात आणि किती जुळवून काम करतात याच्याशी. या साऱ्या शोधात मला याहून मोलाचं काही सापडलं नाही. त्या रुग्णालयात २८ माणसं जास्त जगली, आणि त्यामागचं कारण कुठल्याही यंत्राच्या बिलात दिसणारं नव्हतं.

नॉस यांचाच सहभाग असलेला ‘सपोर्ट’ हा अभ्यास १९९५ मध्ये छापून आला. त्यात पाच रुग्णालयांतल्या डॉक्टरांच्या हाती गंभीर रुग्णांची भाकितं दिली गेली. त्यासाठी प्रशिक्षित परिचारिका नेमल्या. तरी अखेरच्या दिवसांतल्या वेदना कमी झाल्या नाहीत, आणि अतिदक्षतेत तिष्ठत काढलेले दिवसही. भाकीत कागदावर आलं म्हणून खाटेशेजारचं वागणं बदलत नाही.

म्हणून मला वाटतं, हे गुण आधी रुग्णालयांनी स्वतःला लावावेत. अपेक्षित किती होते आणि झाले किती, हे आपल्याकडच्या प्रत्येक अतिदक्षता विभागाच्या दारावर दरवर्षी लागायला हवं. पुन्हा त्या बाकावर बसायची वेळ आलीच, तर मी टक्के विचारणार नाही. रात्री दोन वाजता सिस्टरला काही खटकलं, तर ती कुणाला उठवते आणि तो उठतो का, हे विचारीन.