जामीन आणि मुदत

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझ्या एका जुन्या स्नेह्यांचा लेथकामाचा लहानसा कारखाना आहे. तेथील भिंतीवरच्या दिनदर्शिकेत काही तारखांभोवती निळ्या शाईची वर्तुळे काढलेली असतात. ती एकादशी-संकष्टीची खूण असावी असा माझा बरीच वर्षे समज होता. गिऱ्हाइकांनी बिले चुकती करण्याच्या कबूल केलेल्या त्या तारखा होत, हे मला अलीकडे कळले. त्यांतली बहुतेक वर्तुळे पुढच्या महिन्याच्या पानावर पुन्हा उमटतात.

लहान कारखानदाराला सरकारने हात द्यावा, हा विचार आपल्याकडे नवा नाही. पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५५ साली ग्रामोद्योग व लघुउद्योग यांचा सांगोपांग विचार केला, आणि त्याच विचारधारेतून पुढे १९६७ साली ४७ वस्तूंचे उत्पादन केवळ लघुउद्योगांसाठी राखून ठेवण्यात आले. ही यादी वाढत वाढत आठशेच्या वर गेली. हेतू उदात्त होता यात शंका नाही. परंतु कारखाना लहान की मोठा हे त्यातील भांडवली गुंतवणुकीवरून ठरत असल्यामुळे, ज्याचा धंदा भरभराटीला येई त्याच्यावर राखीव कक्षेबाहेर पडण्याची वेळ येई, आणि मग एका मोठ्या कारखान्याऐवजी एक स्वतःच्या, एक पत्नीच्या आणि एक धाकट्या भावाच्या नावे असे तीन बुटके कारखाने एकाच छपराखाली नांदू लागत. अखेरीस २०१५ साली लोणची, पाव, मेणबत्त्या, उदबत्त्या, काचेच्या बांगड्या, कुलुपे अशा शेवटच्या वीस वस्तूही खुल्या झाल्या. मर्यादेच्या त्या जाचाची जाणीव आजच्या व्याख्येत दिसते. १ एप्रिल २०२५ पासून अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक व दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग सूक्ष्म, पंचवीस व शंभर कोटींपर्यंतचा लघु आणि सव्वाशे व पाचशे कोटींपर्यंतचा मध्यम गणला जातो.

संरक्षणाचे युग सरले आणि पतपुरवठ्याचे आले. पूर्वी सावकार जे विचारी तेच बँकही विचारते : तारण काय आणि जामीन कोण? ज्याच्यापाशी कसब आहे पण सातबारा नाही, अशा माणसाची वाट याच दोन प्रश्नांपाशी अडत असे. २००० साली केंद्र सरकार आणि भारतीय लघुउद्योग विकास बँक (सिडबी) यांनी मिळून जो पतहमी न्यास स्थापिला, त्याची कल्पना म्हणूनच मला इतर साऱ्या योजनांहून मौलिक वाटते. कारण येथे सरकार पैसे वाटत नाही, तर सूक्ष्म व लघु उद्योजकाला जामीन राहते, आणि बँकेने तारण न घेता दिलेले कर्ज बुडालेच तर त्यातील बराचसा भाग न्यास तिला भरून देतो. या हमीखाली येणाऱ्या कर्जाची कमाल मर्यादा आता दहा कोटी रुपये आहे. मात्र ही हमी बँकेला असते, कर्जदाराला नव्हे, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. न्यासाने बँकेची भरपाई केली म्हणून ऋणको मोकळा होत नाही. त्याच्याकडील वसुली चालूच राहते.

असाच गैरसमज अनुदानाविषयीही आहे. पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमात प्रकल्पखर्चाच्या पंधरा ते पस्तीस टक्के अनुदान मिळते, हे ऐकून दरखास्त करणाऱ्याला वाटते की मंजुरी होताच तेवढी रक्कम आपल्या हाती पडेल. प्रत्यक्षात ती त्याच्या नावे बँकेत तीन वर्षे अडकवून ठेवलेली असते, तिच्यावर व्याज मिळत नाही आणि कर्जाच्या तेवढ्या भागावर व्याज लागतही नाही, आणि उद्योग चालू असल्याची पाहणी झाल्यावरच ती कर्जात वळती होते. तक्रार करणारे यालाही दफ्तरशाही म्हणतात. मला तो शहाणपणाचा विलंब वाटतो. छोट्या धंद्यांसाठी मुद्रा कर्ज आहे, सुतार-लोहार-कुंभारांसारख्या कारागिरांसाठी २०२३ पासून विश्वकर्मा योजना आहे. त्यांचे तपशील जिल्हा उद्योग केंद्रात वा बँकेत कोणीही सांगेल. फक्त लहान उद्योगांच्या ‘उद्यम’ या सरकारी नोंदणीसाठी कोणा मध्यस्थाला दक्षिणा देऊ नये, ती पूर्णपणे विनामूल्य आहे.

परंतु माझ्या स्नेह्यांच्या भिंतीवरील वर्तुळांना यातील एकाही योजनेचा उतारा नाही. त्यांना कर्ज मिळाले आहे, हप्ते बिनचूक जातात. अडले आहे ते त्यांचे स्वतःचेच पैसे. ज्या बड्या कंपन्यांना ते सुटे भाग पुरवतात, त्या माल घेऊन तीन-तीन, चार-चार महिने बिल थकवतात, आणि अशा रीतीने बँकेकडून व्याजाने घेतलेले भांडवल हा लहान माणूस मोठ्याला बिनव्याजी वापरू देतो. कोण कोणाला साहाय्य करीत आहे, असा प्रश्न अशा वेळी पडल्यावाचून राहत नाही.

कायदा या बाबतीत मुका नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमाप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे वा सेवेचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि करार काहीही असला तरी ४५ दिवसांच्या आत, चुकते केले पाहिजेत. मुदत ठरलीच नसेल तर ती पंधरा दिवसांची धरली जाते. कसूर करणाऱ्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, तेही मासिक चक्रवाढ, व्याज द्यावे लागते. वाद राज्याच्या सुविधा परिषदेपुढे नेता येतो, आणि तिचा निवाडा अमान्य असलेल्या खरेदीदाराला न्यायालयात जाण्यापूर्वी निवाड्याच्या पंचाहत्तर टक्के रक्कम भरावी लागते. त्यात प्राप्तिकर कायद्यानेही भर घातली : अशी थकलेली रक्कम प्रत्यक्ष फेडली जाईल त्याच वर्षी ती खर्च म्हणून वजा मिळू लागली. रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने उभी राहिलेली ट्रेड्स ही व्यवस्था तर आपल्या पेढीवाल्यांच्या हुंडीचाच नवा अवतार होय. खरेदीदाराने मान्य केलेले बिल तेथे वित्तसंस्थांपुढे बोलीला लागते, पुरवठादार थोडा वटाव सोसून लगेच पैसे उचलतो, आणि मुदतीअखेर खरेदीदार त्या संस्थेला रक्कम देतो. २५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना येथे नोंदणी सक्तीची आहे. पण नोंदणी करणे वेगळे आणि समोर आलेले बिल वेळेवर मान्य करणे वेगळे.

एवढी शस्त्रे हाताशी असताना परिषदेकडे अर्ज का करीत नाही, असे मी स्नेह्यांना विचारले. त्यांनी फिरते यंत्र थांबवले, हात पुसले आणि म्हणाले, “व्याजासकट पैसे येतील हो, पण पुढची ऑर्डर शेजारच्या गाळ्यात जाईल. माझ्या सहा माणसांचा पगार ती परिषद देणार आहे का?” मग टेबलावरचे पेन घेऊन त्यांनी दिनदर्शिकेचे पान उलटले आणि येत्या महिन्याच्या दहा तारखेभोवती एक नवे वर्तुळ काढले.