शाळेची घंटा वाजण्यापूर्वी

शिक्षणाचा विषय निघाला की आपण फी, वह्या-पुस्तके, शिष्यवृत्ती व वसतिगृह यांविषयी बोलतो. आपले मूल दिवसाचे पाच-सहा तास ज्या खोलीत बसते, तिथली हवा कशी आहे, हे आपण क्वचितच विचारतो. न्यूयॉर्क शहराला हा प्रश्न १९९३ साली विचारणे भाग पडले. त्याची माहिती समाजबांधवांना व विद्यार्थ्यांना व्हावी, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

अ‍ॅस्बेस्टॉस हे खनिज आहे. ते तंतुमय असते, आगीत जळत नाही. त्यामुळे अमेरिकेत अनेक वर्षे शाळांच्या छतांवर, वाफेच्या नळांवर व बॉयलरभोवती त्याचा लेप दिला जाई. लेप शाबूत आहे तोवर धोका कमी. तो सुटू लागला की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत तरंगतात व श्वासावाटे फुफ्फुसात रुततात. त्यातून अ‍ॅस्बेस्टॉसिस, फुफ्फुसाचा कर्करोग, तसेच फुफ्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग होऊ शकतो. हे रोग बहुधा वीस ते चाळीस वर्षांनी प्रकट होतात. म्हणजे शाळेत घेतलेल्या श्वासाची किंमत माणूस ऐन कर्तेपणी मोजतो!

यासाठी अमेरिकेने १९८६ साली कायदा केला. प्रत्येक शाळेची तपासणी करावी, दर तीन वर्षांनी फेरतपासणी व्हावी आणि व्यवस्थापनाचा आराखडा शाळेत पालकांना पाहण्यास ठेवावा, असे त्यानुसार ठरले. न्यूयॉर्कमध्येही तपासण्या झाल्या, अहवाल तयार झाले. परंतु ते अहवाल भरवशाचे नाहीत, हे ऑगस्ट १९९३ मध्ये उघड झाले. महापौर डेव्हिड डिंकिन्स यांनी पुन्हा तपासणी झाल्याशिवाय शाळा न उघडण्याचा निर्णय जाहीर केला. हजाराहून अधिक शाळा आणि सुमारे दहा लाख मुले! ९ सप्टेंबरला सुरू होणारे वर्ष अकरा दिवस लांबले. काही इमारती त्यानंतरही बंदच होत्या.

आम्ही बँकेत काम करणारी माणसे. खातेवहीतली शिल्लक व तिजोरीतली रोकड आम्हाला रोज मोजून जुळवावी लागते. न्यूयॉर्कमध्ये वही होती. रोकड कोणी नीट मोजलीच नव्हती.

अशी खोली स्वच्छ कशी करतात? प्रथम बाकडी व सामान हलवून दारे-खिडक्या जाड प्लास्टिकने बंद करतात. गाळणी बसविलेल्या पंख्याने आतली हवा सतत ओढून घेतात. त्यामुळे फटीतून हवा आत येते, बाहेर जात नाही. लेप पाण्याने पूर्ण भिजवून मगच खरवडतात, कारण ओला तंतू उडत नाही. कचरा दुहेरी पिशव्यांत बांधतात. मुखवटा व पूर्ण अंगभर पोशाख घातलेला कामगार अंघोळ करूनच बाहेर पडतो. मग अतिसूक्ष्म गाळणीच्या यंत्राने धूळ ओढून घेतात व ओल्या फडक्याने सर्व पृष्ठभाग पुसतात.

काम इथे संपत नाही. पंखे लावून मुद्दाम हवा ढवळतात, नमुने घेतात व इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. नमुने उत्तीर्ण झाले तरच मुलांना प्रवेश. मात्र प्रत्येक ठिकाणी लेप काढलाच पाहिजे असेही नाही. तो सुस्थितीत असेल तर झाकून वा लुकण लावून देखरेखीखाली ठेवणे पुष्कळदा अधिक सुरक्षित ठरते.

हे सर्व दूरदेशीचे आहे, आपला काय संबंध, असे कोणी विचारील. आपल्या कितीतरी शाळांवर सिमेंटचे पत्रे आहेत आणि त्यांतील पुष्कळांत अ‍ॅस्बेस्टॉस असते. त्यात तंतू सिमेंटने बांधलेले असल्याने चांगल्या पत्र्याखाली बसणाऱ्याने घाबरू नये. धोका आहे तो पत्रा फोडण्यात, कोरडा कापण्यात, भोक पाडण्यात व तारेच्या ब्रशने घासण्यात. दुरुस्ती सुट्टीतच व्हावी, पत्रा आधी भिजवावा, तुकडे ओले करून जाड पिशवीत भरावेत. वर्ग कोरड्या झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसावा. फुटके तुकडे मैदानात खेळायला राहू देऊ नयेत.

हे पाहणार कोण? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती नेमली असून तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. आपल्यापैकी जे या समित्यांवर आहेत, त्यांनी जूनपूर्वी एकदा शाळेत जावे, छताकडे पाहावे, दुरुस्ती कोणी व कशी केली हे विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. लेखी उत्तर मिळाल्यावर पुन्हा एकदा छताकडे पाहावे, एवढीच नम्र विनंती.